स्लाइडवरचं टिंब कोणी खाल्लं?

मागच्या मे महिन्यात संत्र्यावरच्या डिंक्या रोगाबद्दल, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाबद्दल, मी एक ऑनलाइन कार्यक्रम घेतला. मी नागपुरात, प्रतापनगरातल्या घरी, कूलरसमोर. ऐकणारे काटोल, नरखेड, वरूड भागातले पन्नासेक बागायतदार, आणि त्यातले बहुतेक फोनवर. फवारणीच्या स्लाइडवर मी लिहिलं होतं, ‘बोर्डो मिश्रण ०.६ टक्के’. बोर्डो म्हणजे मोरचूद, चुना आणि पाणी यांचं बुरशीनाशक. पुढच्या स्लाइडकडे वळणार तोच एका काकाजींचा आवाज आला, “मॅडम, सहा टक्के म्हंता काय? झाडं जयतीन नं!”

माझ्या पडद्यावर ०.६ लख्ख दिसत होतं. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, “काकाजी, नीट बघा, शून्य पॉइंट सहा आहे.” काकाजींनी वाद घातला नाही. त्यांनी सरळ त्यांच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ‘०६ टक्के’ होतं. शून्य आणि सहा यांच्या मध्ये एक राखाडी डाग होता, इतका फिका की मला तो माहीत होता म्हणूनच दिसला. मोरचुदाचं प्रमाण दहापट झालं असतं, तेही माझ्या नावावर.

ते टिंब कुठे गेलं याचा छडा लावायला मी पुढचे काही दिवस घालवले. त्यातून जे कळलं ते स्लाइड कशा करायच्या याच्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा बरंच वेगळं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘स्क्रीन शेअर’चं बटण दाबल्यावर आपली स्लाइड कुठेही जात नाही. जातो तो आपल्या पडद्याचा व्हिडिओ, आणि तोही अतिशय काटकसरीने नव्याने रेखाटलेला. हिशेब करून बघा. १९२० बाय १०८० चा पडदा म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट धरले तर एका चित्राला जवळपास ५ कोटी बिट लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रं पाठवायची तर दीडशे कोटी. मीटिंगच्या व्हिडिओच्या वाट्याला प्रत्यक्षात दहा-वीस लाख बिट आले तरी पुष्कळ. म्हणजे हजारातले नऊशे नव्व्याण्णव बिट वाटेत टाकून द्यायचे आणि तरीही समोरच्याला काही टाकलंय असं वाटू द्यायचं नाही. ही करामत करणाऱ्या गणिताला कोडेक म्हणतात.

काय टाकायचं हे ठरवण्याची एक मूलभूत रीत १९७४ साली प्रसिद्ध झाली. मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी मांडलेलं हे गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. नाव जड आहे, कल्पना सोपी. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन काही ठरावीक लाटांची बेरीज आहे असं मानायचं. काही लाटा रुंद, हळूहळू उजेडातून अंधारात जाणाऱ्या. काही बारीक, पटापट काळं-पांढरं होणाऱ्या. आपल्या डोळ्याला रुंद लाटांतले फरक चांगले कळतात, बारीक लाटांतले फारसे कळत नाहीत. म्हणून बिट कमी पडले की कोडेक आधी बारीक लाटांवर कात्री चालवतो. फोनमधले फोटो आणि मीटिंगमधले व्हिडिओ आजही याच कुळातल्या गणितावर चालतात.

माणसाच्या चेहऱ्याला हे चालतं. गालावरची बारीक छटा गेली तर कुणाचं काही अडत नाही, उलट बरंच वाटतं. अक्षर मात्र बारीक लाटांचंच बनलेलं असतं. काळी रेघ संपून पांढरा कागद सुरू होतो ती कड म्हणजे बारीक लाट. ती कापली की अक्षराभोवती डास घोंगावल्यासारखे ठिपके उमटतात. आणि टिंब तर सगळं कडांचंच. माझी अक्षरं २४ पॉइंटची होती. १०८० ओळींच्या पडद्यावर त्यांना ४८ ठिपक्यांची उंची मिळते आणि त्यातल्या टिंबाला जेमतेम पाच-सहा. काकाजींच्या शेतात नेट मंदावलं, चित्र ३६० ओळींवर आलं, आणि टिंब दोन ठिपक्यांहून लहान झालं. दोन ठिपक्यांसाठी कोडेक बिट खर्च करत बसत नाही.

देवनागरी लिहिणाऱ्यांना इथे जास्त फटका बसतो. रोमन लिपीत टिंब असतात ती आय आणि जे वर, आणि ती गेली तरी शब्द कळतो. आपल्याकडे अनुस्वार उडाला तर ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक राहत नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक असतो तो शिरोरेषेच्या एका फटीचा नाहीतर एका वळणाचा. शिवाय वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे त्याच पॉइंटमध्ये देवनागरी अक्षराचं मूळ अंग लहान राहतं. इंग्रजी स्लाइडसाठी सांगितलेला अक्षराचा आकार मराठीला जसाच्या तसा लावला की चूक तिथेच सुरू होते.

एका संध्याकाळी मी फूटपट्टी घेऊन बसले. घरातल्या फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावर माझ्याच मीटिंगमध्ये पाहुणी म्हणून शिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन तो उभा धरला. बहुतेक लोक फोन उभाच धरतात. स्लाइडची रुंदी भरली ६.८ सेंटिमीटर, उंची ३.८. माझी २४ पॉइंटची अक्षरं तिथे पाच पॉइंटपेक्षाही लहान झाली होती. औषधाच्या डबीतल्या घडीच्या कागदावर असतात ना, तशी. मी स्वतः चष्मा लावून वाचू शकले नाही आणि साठीतल्या माणसाला “नीट बघा” म्हणाले होते.

हा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करावा. आणि मीटिंगमध्ये “दिसतंय का?” हे विचारणं सोडावं. त्यावर सगळे “हो हो” म्हणतात, कारण काहीतरी दिसत असतंच. “तिसऱ्या ओळीतला आकडा कुणीतरी वाचून दाखवा” असं म्हटलं की खरं काय ते कळतं.

रंगांची गोष्ट थोडक्यात सांगते. डोळ्याला उजेडातले बारीक फरक कळतात तितके रंगातले कळत नाहीत. म्हणून कोडेक सहसा चार शेजारी ठिपक्यांचा उजेड वेगवेगळा पाठवतो, पण रंग चौघांत मिळून एकच. निळ्यावर लाल अक्षरं तुमच्या पडद्यावर झगमगतात खरी, पण लाल आणि निळा दोन्ही गडद. त्यांच्यात उजेडाचा फरक थोडा, सगळा फरक रंगाचा, आणि रंगच तर वाटेत पातळ केलेला. पलीकडे दिसतो तो चिखल. पांढऱ्यावर काळं, गडद निळ्यावर पांढरं, अशी कंटाळवाणी जोडीच टिकते.

आता हालचाल. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

दुधाच्या वहीत आपण रोज ‘एक लिटर’ लिहीत नाही, वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं मारतो. कोडेक तेच करतो. एकदा पूर्ण चित्र पाठवलं की पुढे फक्त बदल कळवतो. स्लाइड स्थिर असेल तर कळवण्यासारखं काहीच नसतं, शे-दीडशे किलोबिटमध्येही काम भागतं, आणि उरलेल्या बिटांत तो आधी सोडलेले बारकावे हळूहळू भरत जातो. नवी स्लाइड आधी पुसट येते आणि सेकंदा-दोन सेकंदांनी ‘बसते’ ती म्हणूनच. आता तुम्ही एक स्लाइड विरघळवत दुसरी आणलीत, किंवा अक्षरं गरगरत आणलीत, तर प्रत्येक क्षणी जवळजवळ सगळे ठिपके बदलतात. वहीत प्रत्येक ओळ नव्याने लिहायची पाळी. कोडेकची दमछाक होते आणि तुमची देखणी हालचाल पलीकडे तीन-चार झटक्यांत तुटून पोचते. अक्षरं नुसती ‘प्रकट’ होणं हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात स्वस्त परिणाम. लांबच लांब तक्ता सरकवत दाखवणं हेही महाग पडू शकतं, आणि आपल्याकडे ऑफिसात तर तेच जास्त चालतं.

गंमत अशी की मेंदूचंही थोडंफार असंच आहे. दृष्टी बदलाकडे ओढली जाते, पण बदल एका जागी असेल तर. १९९७ मध्ये रेन्सिंक, ओरेगन आणि क्लार्क या संशोधकांनी दाखवून दिलं की जवळपास सारख्या दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरा पडदा आणला, तर मोठे बदलही लोकांना बराच वेळ सापडत नाहीत. सगळीकडे एकदम लुकलुकलं की कुठे बदललं याची खूणच पुसली जाते. मी एका झाडाच्या खोडाचे दोन फोटो लागोपाठच्या स्लाइडवर ठेवले होते, आधीचा आणि पंधरा दिवसांनंतरचा. मध्ये तो पुसटपणाचा हबका. डिंक वीतभर वर चढलेला होता आणि एकालाही दिसला नाही. आता ते फोटो मी शेजारी-शेजारी ठेवते.

तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबायचं. तेवढ्यात कोडेक चित्र बसवतो आणि माणूसही बघून घेतो.

थांबण्याला आणखी एक कारण आहे. आवाज आणि पडदा एकाच वाटेने जात नाहीत. त्यांचे प्रवाह वेगळे असतात, आणि ॲप आवाजाला झुकतं माप देतं, कारण चित्र अडखळलं तर माणूस सोसतो, बोलणं तुटलं तर मीटिंगच बसते. त्यामुळे “हे बघा, इथे” हे तुमचं वाक्य पोचतं तेव्हा काहींच्या फोनवर अजून मागचीच स्लाइड असते. माउसचा बाण तर आणखी कुठे भटकत असतो. “इथे”ऐवजी “उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, जमिनीलगत” असं शब्दांत सांगितलेलं बरं. रेडिओवरचे क्रिकेट समालोचक हे फार छान करायचे.

प्रश्नांचंही तेच. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. २००९ मध्ये दहा भाषांच्या तुलनेत फरक थोडाच आढळला. ऑनलाइनमध्ये आवाजाला एका बाजूने पोचायलाच इतका वेळ सहज जातो, मग म्यूट काढायला बटण शोधायचं, त्यात हाताला माती. “काही शंका?” म्हणून दोन सेकंदांत पुढे जाणारा वक्ता खरं तर विचारतच नसतो. मी मनात दहा आकडे मोजते. पहिल्यांदा ते दहा फार लांब वाटले होते.

मजकूर किती असावा यावर पुष्कळ उपदेश होतो. त्यामागचं विज्ञान इतकंच. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीचं, जे प्रारूप मांडलं, त्यात ऐकलेले शब्द आणि मनातल्या मनात वाचलेले शब्द एकाच खोलीत येऊन बसतात. चित्राची खोली वेगळी. म्हणून बोलता बोलता चित्र बघता येतं, पण एक परिच्छेद वाचत असताना दुसरा ऐकता येत नाही. स्लाइडवरचाच परिच्छेद तुम्ही मोठ्याने वाचलात तरी सुटका नाही, कारण डोळे जिभेच्या पुढे पळतात आणि दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. पण या नियमाचा अतिरेक करणाऱ्यांशी माझं पटत नाही. आकडा, औषधाचं नाव, मात्रा हे लिहिलेलं हवंच. नेट तुटतं, आवाज गिळला जातो, आणि लोक स्क्रीनशॉट काढून तो पुढे पाठवतात. तो स्क्रीनशॉट एकटा पडला तरी खरं बोलला पाहिजे.

आणि कूलर. ऊन ४५ अंशांवर असताना नागपुरात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी एकसुरी घरघर ॲप ओळखतं आणि गाळतं, पण गाळताना स, श, फ यांसारखे फुसफुसते वर्णही थोडे घेऊन जातं, कारण त्यांची चण गोंगाटासारखीच असते. मग ‘साठ’ आणि ‘आठ’मध्ये काय उरलं? यावर उपाय महागडा माइक नाही. लॅपटॉपचा माइक तोंडापासून ६० सेंटिमीटरवर असतो, इअरफोनचा पाचावर. अंतर बाराव्या हिश्शावर आलं की आवाजाची तीव्रता वर्गाच्या हिशेबाने सुमारे १४० पट होते, आणि कूलर जिथल्या तिथेच राहतो. शंभर रुपयांच्या वायरीने केलेलं हे काम कुठलं ॲप करून देत नाही.

जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, तोच कार्यक्रम पुन्हा घेतला. फवारणीची स्लाइड कोऱ्या पांढऱ्यावर, ४८ पॉइंटमध्ये, तीनच ओळी: पाणी १०० लिटर, मोरचूद ६०० ग्रॅम, चुना ६०० ग्रॅम. टक्का नाही, पॉइंट नाही, टिंब तर नाहीच. घरचं नेट त्या दिवशी रडत होतं, म्हणून माझा कॅमेरा बंद करून तेवढे बिट स्लाइडला दिले. चित्र बसू दिलं. दहा आकडे मोजले. मग विचारलं, “काकाजी, दुसरी ओळ वाचून दाखवता का?”

“मोरचूद सहाशे ग्रॅम,” काकाजी म्हणाले. “आता बराबर दिसून रायलं. पर मॅडम, तुमीच नाही दिसून रायल्या. हायेत ना तिथं?”