स्लाइड शो कॅसेटवर चढवताना: ‘रेषा’ या शब्दाने केलेला घोळ

१९९० च्या दशकात प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही आवाक्याबाहेर होते. व्हीसीआर आणि टीव्ही मात्र शाळेत, दवाखान्यात, प्रदर्शनाच्या स्टॉलवर सहज मिळत. संगणकावर बनवलेला स्लाइड शो व्हीएचएस कॅसेटवर उतरवायची गरज त्यातून आली. त्याआधी ३५ मिमीच्या पारदर्शिका काढून त्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपत असत.

सुरुवातीला अडचण फारशी नव्हती. १९८५ साली आलेल्या अमिगा संगणकाचा सिग्नल टीव्हीच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १५,६०० आडव्या रेषांनी चाले. पाल (भारतात चालणारी टीव्ही-पद्धत) पद्धतीच्या अमिगाला जेनलॉक (संगणकाचा आणि व्हिडिओचा सिग्नल एका ठेक्यात आणणारे उपकरण) जोडला की स्लाइड थेट टेपवर जाई. १९८७ च्या व्हीजीए या पीसीच्या चित्र-मानकाने हे गणित बिघडवले. ६४० बाय ४८०, सेकंदाला ६० चित्रे, साडेएकतीस हजार रेषा: हा सिग्नल व्हीसीआरला समजतच नाही. मग बरेच जण मॉनिटरसमोर कॅमेरा उभा करत. ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे) टिपणारा पाल कॅमेरा यांचा मेळ बसत नाही. सेकंदाला दहा वेळा एक काळपट पट्टा चित्रातून सरकत राहतो. मॉनिटर ७५ हर्ट्झवर नेल्याने पट्टा जात नाही, त्याचा वेग फक्त बदलतो.

पुढे संगणकाचा सिग्नल टीव्हीच्या सिग्नलमध्ये बदलणारे स्कॅन कन्व्हर्टर आले आणि दशकाच्या शेवटी ग्राफिक्स कार्डावरच टीव्ही-आउट, म्हणजे टीव्ही जोडायची सोय, मिळू लागली. घोळ इथून वाढला, कारण खोक्यावर आणि जाहिरातीत सगळीकडे ‘रेषा’ लिहिलेल्या असत आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा अर्थ वेगळा असे.

पालच्या ६२५ रेषा वरून खाली मोजतात. त्यांतल्या ५७६ चित्राच्या. व्हीएचएस या सगळ्या रेषा टेपवर ठेवते, एकही गाळत नाही. ‘व्हीएचएसच्या २४० रेषा’ म्हणतात त्या मात्र डावीकडून उजवीकडे मोजलेल्या उभ्या रेघा आहेत, आणि त्याही पडद्याच्या उंचीइतक्याच रुंदीत मोजलेल्या. ४:३ पडद्याच्या पूर्ण रुंदीत त्या ३२० च्या आसपास भरतात. हा आकडा कुठून येतो तेही सरळ आहे: टेपवर उजेडाच्या सिग्नलला साधारण ३ मेगाहर्ट्झ जागा मिळते, एक रेषा ५२ मायक्रोसेकंद दिसते, म्हणजे १५६ आवर्तने, म्हणजे ३१२ काळ्या-पांढऱ्या रेघा. रंगाला जेमतेम अर्धा मेगाहर्ट्झ. रुंदीभर रंगाचे पन्नासएक पट्टेच वेगळे राहतात.

याचा अर्थ असा की १०२४ बाय ७६८ घेणारा महागडा कन्व्हर्टर आणला तरी टेपवर आडव्या दिशेने ६४० चे निम्मेच उरणार. कित्येकांनी यावर पैसे घातले आणि अक्षर पुसट आले म्हणून व्हीसीआरला दोष दिला. एस-व्हिडिओचीही तीच गत. एस-व्हिडिओ ही उजेड आणि रंग वेगळे नेणारी वायर. एस-व्हीएचएस ही १९८७ ची वेगळी टेप-पद्धत, सुमारे ४०० रेघांची. साध्या व्हीएचएस रेकॉर्डरला एस-व्हिडिओ जोडली की रंगीत कडांवरचे सरकते ठिपके कमी होतात, बारकावा वाढत नाही. बदल स्लाइडमध्येच करावा लागतो, आणि तो फुकट होतो.

देवनागरीसाठी तर हे फारच महत्त्वाचे. अक्षराची उभी रेघ ६४० च्या स्लाइडवर किमान ४ पिक्सेल जाड हवी, नाहीतर ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या शिरोरेषेतली फट बुजते. शिरोरेषा स्वतः आडवी असल्याने तिला इंटरलेसचा, म्हणजे चित्र दोन फील्डांत आलटून-पालटून दाखवण्याचा, मार बसतो. एकाच रेषेच्या जाडीची शिरोरेषा एकाच फील्डमध्ये पडते, सेकंदाला २५ वेळा उमटते-विझते आणि अख्खी ओळ थरथरते. रोमन लिपीत हा त्रास ‘ई’, ‘टी’च्या दांड्यांपुरता असतो, आपल्याकडे तो प्रत्येक शब्दावर आहे. कन्व्हर्टरचा फ्लिकर फिल्टर शेजारच्या रेषांची सरासरी काढून हे शमवतो, पण बारीक शिरोरेषा त्यात फिकी पडते. शिरोरेषा ३-४ रेषांची ठेवली की फिल्टर मध्यम ठेवूनही ओळ स्थिर राहते.

गडद निळ्यावर फिकट पिवळे किंवा करडट पांढरे अक्षर चांगले उमटते. निळ्यावर लाल कधीच नको. लाल उजवीकडे ओघळतो आणि कॉपीची कॉपी काढताना खालीही सरकतो. शुद्ध पांढरा २५५ ऐवजी २३५ वर आणावा. फार प्रखर पांढऱ्याने अक्षराच्या उजवीकडे काळे ओरखडे येतात, आणि अँटेनाच्या वायरने जोडलेल्या टीव्हीत अशी स्लाइड येताच आवाजात गुरगुर सुरू होते. टीव्ही चित्राच्या कडा कापतो, म्हणून चारही बाजूंनी दहा टक्के जागा मोकळी सोडावी.

रेकॉर्डिंगला एसपी (प्रमाण) गती, व्हीसीआर एव्ही इनपुटवर, आवाज लाइन-आउटमधून. स्क्रीनसेव्हर आणि विंडोजचे आवाज बंद, माउसचा बाण लपवलेला, स्लाइड बदलण्याची वेळ आधीच ठरवलेली. एका स्लाइडला ८ सेकंद तरी. सुरुवातीला दहा सेकंद काळा पडदा ठेवावा, टेप स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. रेकॉर्ड-पॉज दाबून फार वेळ थांबू नये. टेप झिजू नये म्हणून मशीन काही मिनिटांनी आपोआप थांबते. कॅसेट अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर ती तिथल्या ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीत वेगळी करावी लागे. पालची कॅसेट तिथल्या साध्या मशीनवर चालत नसे.

नंतर व्हीसीडी, डीव्हीडी आली. २०१० च्या पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो थेट व्हिडिओ फाइल म्हणून काढता येऊ लागला आणि २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादनही थांबवले. आता प्रश्न उरला आहे तो उलट्या दिशेचा: मूळ फाइल हरवली आहे, कॅसेट तेवढी आहे. अशी कॅसेट ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस तशीच ठेवून उतरवावी, मध्ये टाइम बेस करेक्टर (टेपवरच्या रेषांची डळमळ सावरणारे उपकरण) लावून. स्लाइड हलत नाही, म्हणून दोन्ही फील्ड एकत्र विणावीत. एक फील्ड टाकून देणारी पद्धत निवडली की बारीक शिरोरेषा गायबच होते. ८ सेकंदांच्या स्लाइडच्या २०० फ्रेम मिळतात. दोन्ही टोकांच्या बदलाच्या फ्रेम वगळून उरलेल्यांची सरासरी काढली की टेपची खरखर बरीच निवळते आणि अक्षर पुन्हा वाचता येते.