सिमेन रिपोर्टवरचा 'काउंट' आणि नवऱ्याचं वय

मूल होत नाही म्हणून तपासणी केली आणि नागपूरच्या धंतोलीतल्या लॅबमधून सिमेन रिपोर्ट, म्हणजे वीर्यतपासणीचा अहवाल, हाती आला की घरचे आधी काउंट बघतात, म्हणजे एका मिलीलिटर वीर्यात किती शुक्राणू आहेत तो आकडा. तो 'नॉर्मल' निघाला की नवऱ्याची सुटका आणि बायकोच्या तपासण्यांची रांग सुरू. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे, आणि ते चूक आहे.

डच संशोधक लेव्हेनहुकनं १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले, पण किती असले म्हणजे पुरे, हा प्रश्न विसाव्या शतकातला. १९५१ मध्ये मॅक्लिऑड आणि गोल्ड या संशोधकांनी मूल होणाऱ्या आणि न होणाऱ्या पुरुषांची तुलना करून मिलीलिटरला २ कोटींची रेघ ओढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० च्या पहिल्या पुस्तिकेत तीच घेतली. २०१० मध्ये पद्धत बदलली: बारा महिन्यांच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले, अशा पुरुषांमधल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची सीमा धरली. ती आली दीड कोटी, २०२१ मध्ये १.६ कोटी. म्हणजे हा आकडा सरासरी नव्हे, तळाची कड आहे.

वय वाढतं तसं आधी घटतं ते वीर्याचं प्रमाण आणि शुक्राणूंची हालचाल. काउंट बरेचदा टिकून राहतो. शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी वर्षाला साधारण २३ वेळा विभागतात आणि दर वेळी डीएनएची नक्कल होते. चुका साठत जातात. २०१२ च्या आइसलँडमधल्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे बाळात सुमारे दोन नवे जनुकीय बदल दिसले. शुक्राणूंतल्या डीएनएची मोडतोडही वयाबरोबर वाढते. नेहमीच्या रिपोर्टात ती दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. पंचेचाळिशीतल्या माणसाचा ४ कोटींचा काउंट म्हणूनच अर्धीच गोष्ट सांगतो. भारतात २०२१ च्या कायद्यानं आयव्हीएफसारख्या (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या) उपचारांसाठी पुरुषाला ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे.

तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचा. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणला तर तासाच्या आत पोचवावा. नागपूरच्या मे महिन्यात डबी गाडीच्या डिक्कीत अजिबात ठेवू नका, तापलेल्या डिक्कीत शुक्राणू वाटेतच मरतात. डबी शर्टाच्या आत, अंगालगत धरावी. नमुना देताना तेल, थुंकी, क्रीम चालत नाही. पहिले थेंब सांडले तर लॅबला सांगा, बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून पुन्हा तपासा: शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे पक्व होऊन बाहेर यायला आणखी एक-दोन आठवडे.