घरी बघण्यासारखे ख्रिस्ती माहितीपट: निवडताना आणि बघताना

"घरच्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येईल असं काहीतरी ख्रिस्ती द्या," अशी मागणी आमच्याकडे सतत येते. त्यावर आम्ही आधी विचारतो, सिनेमा हवा की माहितीपट? लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा 'जीझस' बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, पण तो नटांनी साकारलेला सिनेमा आहे. माहितीपटात खरी माणसं आणि खऱ्या जागा दिसतात. म्हणूनच तो निवडताना थोडी जास्त चौकशी करावी लागते.

आमची पहिली पसंती 'इंटू ग्रेट सायलेन्स'ला. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात ग्रांद शार्त्रज नावाचा कार्थूसियन, म्हणजे मौन आणि एकांत पाळणाऱ्या कॅथलिक संघाच्या, संन्याशांचा मठ आहे. तिथे चित्रीकरण करू द्यावं म्हणून फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाने १९८४ मध्ये विचारणा केली. मठाचा होकार आला तो १६ वर्षांनी! मग तो एकटाच कॅमेरा घेऊन तिथे राहिला. बाहेरून आणलेले दिवे नाहीत, वरून घातलेलं संगीत नाही आणि निवेदकही नाही. २००५ साली पूर्ण झालेला हा माहितीपट पावणेतीन तासांच्या आसपास आहे.

यात काय बघायचं? नव्याने आलेल्या बंधूसाठी झगा शिवायचा म्हणून एक संन्यासी कापड मांडतो, मापं घेतो, कापतो. खोलीत बाकी काही आवाज नसतो, त्यामुळे एवढं साधं कामही प्रार्थनेसारखं वाटू लागतं. अधूनमधून पडद्यावर शास्त्रवचनं येतात. त्यात बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचा प्रसंग आहे: परमेश्वर वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीतही नव्हता. शेवटाकडे एक आंधळा वृद्ध संन्यासी आपल्या अंधत्वाबद्दल देवाचे आभार मानतो. त्याचं बोलणं ऐकताना आधीच्या दोन तासांच्या शांततेचा अर्थ उलगडतो. म्हणून आमची कळकळीची विनंती, हा माहितीपट तुकड्यातुकड्यांत बघू नका. खोलीतले दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिला अर्धा तास चुळबुळ होईल, ती होऊ द्या. बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाषेची अडचणही येत नाही.

दुसरा, 'वेपन्स ऑफ द स्पिरिट'. दुसऱ्या महायुद्धात ल शांबों-सुर-लिन्यों या फ्रेंच गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी ज्यूंना आसरा दिला. माहितीपटात हा आकडा सुमारे ५,००० सांगितला आहे. फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० ला, पाळक आंद्रे त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी मंडळीला सांगितलं, की विवेकावर होणाऱ्या जुलमाचा प्रतिकार आत्म्याच्या शस्त्रांनी करायचा. माहितीपटाचं नाव तिथूनच आलं आहे. दिग्दर्शक पिएर सोव्हाज यांचा जन्म १९४४ मध्ये याच गावात, आसऱ्याला आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी झाला. त्यामुळे तो परका पाहुणा म्हणून प्रश्न विचारत नाही. आणि समोरची म्हातारी शेतकरी माणसं आपण काही मोठं केलं असं मानायलाच तयार नसतात. या गावकऱ्यांचे पूर्वज ह्युगनो, म्हणजे फ्रान्समधले छळ सोसलेले प्रोटेस्टंट. ती आठवण घराघरांत जिवंत होती. मुलांना सोबत बसवणार असाल तर युद्धाची थोडी पार्श्वभूमी आधी सांगून ठेवा.

'समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड' (१९६९) मदर तेरेसांवरचा आहे, बीबीसीसाठी ब्रिटिश पत्रकार माल्कम मगरिज यांनी केलेला. कोलकात्यात मरणासन्न रुग्णांच्या आश्रमात उजेड फारच कमी होता, तरी चित्रण स्वच्छ आलं. मगरिज यांनी त्याला चमत्कार मानलं. कॅमेरामन केन मॅकमिलन यांनी मात्र कोडॅकच्या नव्या फिल्मला श्रेय दिलं. ही गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. त्या खाटांशेजारी बसलेल्या भगिनींची सेवा खरी आहे, तिला फिल्मच्या चमत्काराचा टेकू लागत नाही.

दाव्याची दुसरी बाजूही सांगितली जाते का, हाच निकष पुरातन अवशेषांवरच्या माहितीपटांना लावा. या प्रकारात आरडाओरडा फार असतो. उदाहरणार्थ, तुरिनचं कफन, म्हणजे येशूचा देह ज्यात गुंडाळला होता असं अनेक जण मानतात ते कापड. १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत ते कापड १२६० ते १३९० या काळातलं ठरलं. त्या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले आहेत. जो माहितीपट चाचणीचा उल्लेखच टाळतो, तो आम्ही सुचवत नाही. तसंच, नटांनी वठवलेले प्रसंग कुठे सुरू होतात आणि पुरावा कुठे संपतो हे कळेनासं झालं, तर डिस्क खुशाल बंद करा.

इतिहासाची आवड असेल तर तेव्हा ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक असलेले डायरमिड मॅककलॉक यांची 'अ हिस्टरी ऑफ ख्रिश्चॅनिटी' (बीबीसी, २००९) ही सहा भागांची मालिका घ्या. पहिला भाग रोमकडे न वळता पूर्वेची वाट धरतो आणि सीरियातून थेट चीनपर्यंत जातो. प्रत्येक भाग तासाभराचा आहे. एका बैठकीत एकच भाग बघा, आणि नकाशाचं पुस्तक हाताशी ठेवा.