लोकसाहित्यविषयक व्याख्याने

लोककथा, दैवतकथा, स्थळांच्या आख्यायिका, विधिगीते आणि रूढी या विषयांवर सर्वसामान्य श्रोत्यांसमोर दिली जाणारी जाहीर व्याख्याने. महाराष्ट्रात ती गावोगावच्या व्याख्यानमालांत, ग्रंथालयांत, महाविद्यालयांत आणि नवरात्रासारख्या उत्सवांच्या मंडपांत होतात. काही व्याख्यानांत वक्ता केवळ बोलतो. ज्याविषयी बोलायचे ते प्रत्यक्ष गाऊन, वाजवून वा मांडून दाखवले, तर त्यास सप्रयोग व्याख्यान म्हणतात. या विषयाला सप्रयोग व्याख्यानच अधिक मानवते, कारण गोंधळाचे गीत संबळावाचून आणि ओवी जात्याच्या घरघरीवाचून अर्धीच कळते.

कथा ऐकायला जमण्याची सवय मराठी मुलखाला जुनीच आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण झाल्यावर उत्तररंगात आख्यान लावतात आणि श्रोते खरे तर त्या आख्यानासाठीच खोळंबलेले असतात. मात्र कीर्तनकाराला कथेतून भक्ती ठसवायची असते, तर व्याख्यात्याला ती कथा कोण सांगते, कोठे सांगते आणि सांगता सांगता ती कशी बदलली हे उलगडायचे असते. व्याख्यानमालेचा आधुनिक साचा एकोणिसाव्या शतकात घडला. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये झाला. मुंबईत 1886 मध्ये मानवशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिच्या सभांतून चालीरीती, समजुती व लोककथा यांवर निबंध वाचले जाऊ लागले. पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी तेथे असे अनेक निबंध वाचले. ते वाचन इंग्रजीत आणि निवडक सभासदांपुढे होई, त्यामुळे ज्यांच्या रूढींची चर्चा चाले त्यांच्यापर्यंत ती पोहोचणे अवघड होते. विसाव्या शतकात दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे प्रभृती अभ्यासकांमुळे या विषयाची मांडणी मराठीत होऊ लागली आणि तिला व्यापक मराठी वाचक-श्रोतृवर्ग लाभला. भारुडांचे अभ्यासक रामचंद्र देखणे यांनी तर विवेचनाला प्रत्यक्ष सादरीकरणाची जोड देऊन भारूड रंगमंचावर लोकप्रिय केले.

अशा व्याख्यानात शब्द जपून वापरावे लागतात. रोजच्या बोलण्यात ‘दंतकथा’ म्हटले की खोटी गोष्ट असा अर्थ निघतो. अभ्यासकाला मात्र एखाद्या स्थळाशी वा व्यक्तीशी जोडलेली, सांगणाऱ्यांना खरी वाटणारी कथा अभिप्रेत असते, म्हणून तो बहुधा ‘आख्यायिका’ हा शब्द पसंत करतो. समोरच्या माणसाचे कुलदैवत व्यासपीठावरून एका शब्दाने खोटे ठरू नये, एवढी काळजी वक्त्याने घेतलीच पाहिजे.

खंडोबाच्या कथेत ही कसोटी लागते. संस्कृत मल्लारिमाहात्म्य या पोथीचा भर मणी आणि मल्ल या दैत्यांच्या वधावर आहे. वाघ्या-मुरळीच्या गीतांत आणि धनगरी ओव्यांत मात्र रंग भरतो तो म्हाळसा आणि बाणाई यांच्या सवतीमत्सराला. म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक. बाणाई चंदनपुरीची, धनगराची. देव बाणाईसाठी जेजुरी सोडतो आणि तिच्याकडे मेंढ्या राखायला चाकरीस राहतो, हा भाग धनगर गायक ज्या अभिमानाने रंगवतो तो पोथीच्या वाचनातून हाती लागणार नाही. दोन जातींच्या दोन पत्नी एका देवाच्या डाव्या-उजव्या बाजूस उभ्या असण्यात शेतीवाडी, व्यापार आणि पशुपालन करणाऱ्या समाजांचे परस्परसंबंध दिसतात, हे विवेचन जर्मन अभ्यासक ग्युंटर सोनथायमर यांच्या संशोधनामुळे विशेष पुढे आले. हाच देव कर्नाटकात मैलार, तर आंध्र-तेलंगणात मल्लण्णा म्हणून पुजला जातो. या विषयावर बोलताना कथेचा एकच पाठ, म्हणजे सांगण्याचे एकच रूप, अस्सल आणि बाकीचे भ्रष्ट, अशी मांडणी करणे चुकीचे आहे. व्याख्यान संपल्यावर एखादा श्रोता उठून ‘आमच्याकडे हे असं सांगत नाहीत’ म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे शंका म्हणून निकालात न काढता नवा पाठ म्हणून टिपून घ्यावे.

गोंधळावरील सप्रयोग व्याख्यानात आणखी एक पेच उभा राहतो. घरी लग्नानंतर घातलेल्या गोंधळात चौरंगावर कोरे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवतात आणि तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशा देवतांना एकेकाचे नाव घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन करतात. तुणतुण्याची एकच तार सूर धरून ठेवते आणि कमरेला बांधलेल्या संबळाच्या जोडीवर काठ्यांचे आघात पडू लागताच बोलणे आपोआप थांबते. सभागृहात यजमान नसतो, नवस नसतो, वधूवरही नसतात. मग चौक भरायचा का, आवाहन म्हणायचे का? विधी आणि त्याचे दर्शन यांत फरक आहे आणि चौक न भरता केवळ गीत व वादन दाखवायचे की पूर्ण मांडणी करायची, हे ठरवण्याचा अधिकार गोंधळी कलावंताचा मानला पाहिजे. तो काय गाळतो आणि का गाळतो, हे त्याच्याच तोंडून ऐकणे हा अशा व्याख्यानातील सर्वांत मोलाचा भाग असतो.

येथेच व्यवहारातील एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याचे नाव पदव्यांसह छापले जाते आणि गाणाऱ्याचा उल्लेख पुष्कळदा ‘व सहकारी’ एवढ्यावर आटोपतो. वक्त्याला मानधन मिळते आणि कलावंताच्या हातावर बिदागी ठेवली जाते. ज्याच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या ही गीते मुखोद्गत ठेवली, तो व्यासपीठावर दृष्टांतापुरता उभा राहावा हे न्याय्य नाही. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने 2003 मध्ये केलेल्या आणि भारताने 2005 मध्ये मान्य केलेल्या करारातही वारसा सांभाळणाऱ्या समूहांचा सहभाग महत्त्वाचा मानला आहे.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत ही गोष्ट सहज पटते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या प्रयत्नांतून खेडोपाडीच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. या ओव्यांवर बोलणारा विद्वान माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल असे विषयवार वर्गीकरण नेटके मांडू शकतो. परंतु एखाद्या वृद्ध गायिकेला ध्वनिक्षेपकासमोर खुर्चीवर बसवून ओवी म्हणायला सांगितले, तर ती दोन ओळींवर अडखळू शकते. तिला त्या ओव्या दळताना येत असतात. म्हणून व्यासपीठावर जाते मांडून मूठभर दाणे घालावेत आणि खुंट्याला तिच्यासोबत दुसऱ्या बाईचाही हात असावा. जाते फिरू लागले की विसरलेली ओळ तिची तिला सापडते.