इथेनॉल आणि वेगवान गाड्या: गारव्याची शंभर वर्षं

हातावर सॅनिटायझर चोळलं की तळवा गार पडतो. त्यातलं अल्कोहोल उडून जाताना त्वचेची उष्णता सोबत घेऊन जातं. हजार-हजार अश्वशक्तीच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये इथेनॉल का भरतात, याचं निम्मं उत्तर या गारव्यात आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जास्त ताकद असते, असंच सर्रास सांगितलं जातं. खरं तर उलट आहे. एक किलो पेट्रोल जळलं की साधारण ४३ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक किलो इथेनॉलमधून जेमतेम २७.

मग फायदा येतो कुठून? एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असली तरी इथेनॉल दीडपटीहून जास्त जाळता येतं, आणि ऊर्जेचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. खरी कमाई त्याच्या वाफ होण्यात आहे. वाफ होताना इथेनॉल किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषतं, आणि ते घालायचंही दीडपटीहून जास्त. दोन्हींचा गुणाकार केला तर गारवा जवळजवळ चौपट होतो.

टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या इंजिनात हा गारवा सोन्याच्या मोलाचा असतो. ही यंत्रं सिलिंडरमध्ये जास्तीची हवा दाबून कोंबतात, आणि दाबली की हवा तापते. तापलेलं मिश्रण कधीकधी स्पार्क प्लगची ज्वाला पोचायच्या आतच कोपऱ्यात आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉक म्हणतात. जास्त ताकद हवी असेल तर आधी नॉक थोपवावा लागतो. इथेनॉल मिश्रण थंड ठेवतंच, शिवाय त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉक रोखण्याच्या क्षमतेचं माप, शंभराच्या वर आहे.

हे ज्ञान नवं नाही. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी नॉकचा बारकाईनं अभ्यास केला आणि रेसिंगसाठी अल्कोहोलयुक्त इंधनं तयार केली. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांच्या गटालाही इथेनॉल नॉक थांबवतं हे ठाऊक होतं. पण डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं. ते चिमूटभर पुरत होतं, आणि त्याच्या वापराचं पेटंट घेता येत होतं. इथेनॉलवर कुणाचीच मालकी नव्हती. पुढची अनेक दशकं जगानं शिसं घातलेलं पेट्रोल जाळलं. त्याची किंमत माणसांच्या रक्तात उतरली. इंधनाच्या इतिहासातलं हे सगळ्यात वाईट वळण, असं मला मनापासून वाटतं.

रेसिंगनं मात्र अल्कोहोल सोडलं नाही. १९३७ च्या मर्सिडीज डब्ल्यू १२५ या ग्रां प्री गाडीत भरलं जायचं ते मिश्रण बघा: ४० टक्के मिथाइल अल्कोहोल, ३२ टक्के बेंझीन, २४ टक्के इथाइल अल्कोहोल आणि पेट्रोल फक्त ४ टक्के. सुपरचार्जर लावलेल्या त्या आठ सिलिंडरच्या इंजिनातून जवळपास ६०० अश्वशक्ती निघायची. फॉर्म्युला वनमध्ये १९५८ पासून अल्कोहोलची इंधनं बंद झाली आणि विमानांचं पेट्रोल सक्तीचं झालं.

अमेरिकेत वारं उलट फिरलं. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पेट्रोलच्या भडक्यात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड यांचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षापासून तिथं मेथेनॉल, म्हणजे मिथाइल अल्कोहोल, आलं. त्याची आग पाण्यानं विझते. पण त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. १९८१ मध्ये पिटमध्ये, म्हणजे इंधन भरायच्या थांब्यावर, रिक मिअर्स या ड्रायव्हरला आगीनं वेढलं, तेव्हा आजूबाजूच्यांना काही क्षण काय चाललंय तेच कळेना. इंडीकार या अमेरिकी शर्यतमालिकेला मेथेनॉलवरून इथेनॉलवर आणण्यासाठी पॉल डेना या ड्रायव्हरनं जिवाचं रान केलं. मार्च २००६ मध्ये, मोसमाच्या पहिल्याच शर्यतीआधीच्या सरावात त्याचा अपघाती मृत्यू झाला. त्या वर्षी इंधनात १० टक्के इथेनॉल होतं. २००७ चा मोसम धावला तो जवळजवळ संपूर्ण इथेनॉलवर. डेना मात्र ते बघायला नव्हता.

रस्त्यावरच्या गाड्यांचा धागा वेगळा आहे. तेलाच्या संकटानंतर ब्राझीलनं १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलची मोठी योजना हाती घेतली आणि १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ विक्रीला आली. ती सगळी धडपड तेल वाचवण्याची होती, वेगाशी तिचा संबंध नव्हता. संबंध जुळला तो स्वीडनमध्ये. २००५ च्या सुमारास साब या तिथल्या कंपनीनं ९-५ बायोपॉवर आणली. दिसायला साधी कुटुंबाची गाडी, पेट्रोलवर १५० अश्वशक्तीची. टाकीत ई८५, म्हणजे साधारण ८५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट्रोल असं मिश्रण, भरलं की तिचा टर्बो जास्त दाब द्यायचा आणि आकडा १८० वर जायचा. २००६ पासून तिथल्या मोठ्या पंपांना एक तरी नवीकरणीय इंधन विकणं बंधनकारक झालं. बहुतेकांनी ई८५ निवडलं, कारण त्याची टाकी बसवणं सगळ्यात स्वस्त पडत होतं.

त्याच देशातल्या कोएनिगसेग या स्पोर्ट्‌स कार कंपनीनं मग २००७ मध्ये सीसीएक्सआर सादर केली. मूळ सीसीएक्सची ताकद ८०६ अश्वशक्ती होती. ई८५ साठी बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला, इंधनयंत्रणा मोठी केली, तेव्हा आकडा १०१८ झाला. पर्यावरणाच्या नावानं पंपावर आलेलं इंधन वेगाचं हत्यार ठरलं. नंतरच्या जेस्कोमध्ये हा फरक आणखी रुंदावला: साध्या पेट्रोलवर १२८०, ई८५ वर १६००. अमेरिकेत डॉज डेमन १७० नं २०२३ मध्ये तेच गणित मांडलं, ९०० वरून १०२५.

याचा मोबदला इंधनात द्यावा लागतो. लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होते, आणि इंजेक्टर नि पंप मोठे नसतील तर मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन वितळण्याची भीती असते. इथेनॉल पाणी ओढून घेतं, काही रबरी सील खराब करतं. थंडीत ते नीट वाफाळत नाही, म्हणून गाडी सुरू व्हायला त्रास देतं.

याच थंडीमुळे अमेरिकेत ई८५ या नावाखाली ५१ ते ८३ टक्के एवढं कमीजास्त इथेनॉल मिळतं. कालचं आणि आजचं इंधन सारखं नसेल तर ठिणगी कधी टाकायची, बूस्ट किती द्यायचा, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं ठरवायचं कसं? इंधनाच्या नळीत बसवलेला मुठीएवढा सेन्सर ते सांगतो. त्यातल्या दोन धातूच्या पृष्ठभागांमधून इंधन वाहतं आणि त्यांच्यात विद्युतभार किती साठतो ते मोजलं जातं. हा भार साठवू देण्याचा गुण पेट्रोलमध्ये सुमारे २ असतो, इथेनॉलमध्ये सुमारे २४. एवढी मोठी तफावत असल्यामुळे टक्केवारी नेमकी कळते. इंजिन जुळवून देणाऱ्या ट्यूनरच्या लॅपटॉपवर नव्या इंधनाचा आकडा हळूहळू वर सरकताना दिसतो, आणि त्याच्या मागोमाग बूस्टचाही.