ध्वनिमुद्रण जपायचं तर यंत्राची माहितीही हवी

जुना आवाज जपायचा म्हणजे तबकडी किंवा फीत नीट सांभाळायची, एवढंच आपल्याला वाटतं. पण तो कोणत्या यंत्रावर आणि किती वेगाने टिपला, ही माहिती गेली तर ऐकू येणारा आवाज खरा मानता येत नाही. पॅरिसमध्ये जपलेल्या एका कागदाची हकिगत यासाठी जरूर माहीत असावी.

फ्रेंच संशोधक एदुआर-लेओं स्कॉत द मार्तिनव्हिल यांनी 1857 मध्ये आवाजाची रेघ काढणाऱ्या ‘फोनोटोग्राफ’ या यंत्राचं पेटंट घेतलं. कर्ण्यात गायलं की पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढायचा. आवाज डोळ्यांना दिसावा, एवढाच हेतू. तो पुन्हा ऐकवण्याची सोय नव्हती. 9 एप्रिल 1860 रोजी टिपलेल्या एका फ्रेंच लोकगीताच्या रेघा अमेरिकी संशोधकांनी 2008 मध्ये संगणकाच्या मदतीने वाजवल्या. आवाज टिपून पुन्हा ऐकवणाऱ्या एडिसनच्या फोनोग्राफच्याही सतरा वर्षं आधीचा आवाज! एखादी मुलगी गात असावी असं वाटलं.

वेग कळावा म्हणून स्कॉत यांनी गाण्याच्या रेघेशेजारी नादकाट्याची, म्हणजे ठरलेल्या गतीनेच कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्याची, रेघही उमटवली होती. त्या काळी फ्रान्समध्ये कंपनाचं जाणं आणि येणं वेगवेगळं मोजत. त्यामुळे त्यांची सेकंदाला 500 कंपनं म्हणजे आजची 250. हे लक्षात न आल्याने गाणं दुप्पट वेगाने वाजलं होतं. 2009 मध्ये वेग निम्म्यावर आणला, तेव्हा संथपणे गाणारा पुरुष ऐकू आला. बहुधा स्वतः स्कॉतच.

आपल्या संगीताला तर हा प्रश्न थेट भिडतो. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या. त्या काळात मिनिटाला 78 फेऱ्या हे प्रमाण पक्कं झालेलं नव्हतं. 74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी 78 वर लावली, तर पेटीच्या काळी एक या पट्टीतलं गाणं जवळजवळ तिच्या वरच्या पांढरी दोनमध्ये जातं. पट्टी बदलते, लय वाढते, आणि त्या गायकाचा आवाज असाच पातळ होता असं पुढची पिढी धरून चालते.

सुईचंही तेच. एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, बारीक सुई जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाला घासत जाते आणि खरखर वाढते. म्हणून घरच्या तबकड्या एखाद्या संग्रहाला देणार असाल, तर सोबतचा ग्रामोफोन, सुयांची डबी आणि कंपनीची जुनी सूचिपत्रं रद्दीत घालू नका, तीही द्या.