तेल-तूप सोडल्याने गाठ सुकत नाही

‘कॅन्सरवाल्याचं तेल-तूप बंद करा, गाठ सुकते’ हा सल्ला यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत अजून दिला जातो. तो चुकीचा आहे.

निरोगी पेशी बहुतेक मेदाम्लं (तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ ज्यांपासून बनतात ते घटक) रक्तातून घेतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ती रक्तातून ओढतातच, शिवाय साखरेपासून स्वतःही बनवतात. हे १९५३ मध्येच प्रयोगात दिसलं होतं. आधी १६ कार्बनचं पामिटिक आम्ल बनतं, त्यातून नव्या पेशींची आवरणं. साखर खाणं बंद केलं तरी यकृत ती तयार करतंच.

म्हणजे गाठीचं अडत नाही, अडतं पेशंटचं. केमोने चव गेलेली, वजन उतरलेलं, त्यात कोरडी भाकर घशाखाली कशी जाणार? जवसाची चटणी, वर तेलाची धार असू द्या. तोंड आलं असेल तर वरणात तूप. पथ्य डॉक्टरांनाच विचारा.